निव्वळ वजन

घरातल्या काट्यावर उभा राहिलो
तर आकडा येत नाही, नुसत्या तीन आडव्या रेघा.
दीडशेच्या पुढं त्याला मोजताच येत नाही, बिचाऱ्याला.
म्हणून ऑगस्टमधल्या एका रात्री
फोर्कलिफ्टवाला नमाजाला गेला तेव्हा
सोहार बंदरामागच्या आमच्याच गोदामात
पॅलेटच्या काट्यावर मी चढलो,
खिशातून किल्ल्या, फोन, पाकीट काढून ठेवून,
जणू तेवढ्यानं काही होणार होतं.

एकशे एकसष्ट पूर्णांक पाच.
यंत्रानं सवयीनं पावतीही छापली.
मालाचं नाव: कोरं.

सतरा वर्षं याच पावत्या लिहितोय मी:
ढोबळ वजन, वेष्टनाचं वजन, निव्वळ.
आता माझ्यात वेष्टन किती
आणि आत माल म्हणून काही उरलाय का,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आलो तेव्हा अठ्ठावन्न किलो होतो.
पहिल्या सुट्टीत गालांवर मांस घेऊन गुहागरला उतरलो
तर आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.
"आखाताचं पाणी मानवलं हो पोराला."
मानवलं. मानवतच गेलं.
पैसे दर महिन्याला घरी गेले,
बाकीचं सगळं इथंच साठलं:
ओव्हरटाइमनंतर रात्री दोनचा पराठा,
शुक्रवारी एकट्यानं संपवलेला दोघांचा बिर्याणीचा डबा,
आणि सुलक्षणाशी व्हिडिओवर बोलताना
हनुवटीच्या वरच फोन धरायची कला.

डॉक्टर शेरीननं पावती वाचली, हसली नाही.
म्हणाली, आधी आठ किलो. फक्त आठ. सहा महिने घ्या.
मी हिशेब केला: छताच्या पंख्यांची दोन खोकी.
पहिल्या आठवड्यात तर सोडायचं काहीच नाही,
नुसतं लिहायचं, काय खाल्लं आणि कधी.
लिहिणं माझं कामच.
पण वहीत "पुन्हा पराठा" लिहिताना
पेन अडतं हो.

खोलीतला बशीर कसलीशी पूड घेऊन आला,
दोन महिन्यांत चाळीस किलो, मेहुण्याचा फोटोसुद्धा.
म्हटलं, बशीर, वजनाचा धंदा माझा आहे.
ज्या पेटीतून एका फेरीत चाळीस किलो कमी होतात
तिच्यातला माल कोणीतरी काढलेला असतो.

मग खुबूस चाराचे तीन.
कॅफेटेरियातल्या मोईदूला करकमध्ये साखर कमी म्हणालो,
तर त्यानं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?
आणि रात्री दहाला,
हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटलेली असताना,
कुंपणाकडेनं तिसऱ्या दिव्यापर्यंत चालत.
चौथा दिसतो. तिथं जायचं नाही अजून.
गुडघे बोलतात, मी ऐकून घेतो.
ट्रकवाले हॉर्न देतात, सलाम की हसू, माहीत नाही.

पाच आठवडे. एकशे अठ्ठावन्न पूर्णांक आठ.
मधे एकदा चारशे ग्रॅम वाढलंही होतं.
ती पावती फाडली नाही, फाईलला लावली.

एक सांगायचं राहिलं.
दोन वर्षं झाली, माझ्या सेफ्टी बुटांच्या नाड्या
दादकरीम बांधतो. लोडर आहे, मकरानचा.
रोज सकाळी काही न बोलता खाली बसतो,
दोन गाठी मारतो, ओढून बघतो, उठतो.
आम्ही यावर कधी बोललो नाही.

आज तो वाकला, तर म्हटलं, थांब.
खोक्यावर बसलो, श्वास धरला,
गर्दीत पाहुण्याला सरकवावं तसं पोट बाजूला सरकवलं
आणि उजव्या बुटाची नाडी पकडली.
गाठ वाकडी आली. सैलही.
तोवर घाम डोळ्यांत उतरला होता.
डाव्या बुटाकडं बघून मी मान हलवली.
ती त्यानं बांधली.